एक लग्न, तीन चर्च आणि सहीचा अधिकार

लग्नाचा हॉल, केटरर, फोटोग्राफर, मेकअपवाली, सगळ्यांचे रिव्ह्यू ढिगाने मिळतात. चर्चच्या ऑफिसात काय अनुभव येतो, हे मात्र कुणी लिहीत नाही. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, वाचतील, ही भीती. मी रिटायर झालेय, मुलीचं लग्न नोव्हेंबरात पार पडलंय, त्यामुळे आता बिनधास्त लिहिते.

आमची केस जरा गुंतागुंतीची होती. मी जन्माने मेथडिस्ट, पाळकाची मुलगी. सासर नगरचं, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, म्हणजे सीएनआय. दोन्ही प्रॉटेस्टंट, पण वेगवेगळी. राहतो पुण्यात. जावई वसईचा, कॅथलिक. मुलीचा जन्म 1996चा, पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे तिचा बाप्तिस्माही माहेरीच, माझ्या वडिलांच्या हातून झालेला. म्हणजे बाप्तिस्म्याचा दाखला मेथडिस्ट चर्चचा, सभासद असल्याचं आणि लग्नाला मोकळी असल्याचं पत्र सीएनआयचं, आणि लग्न कॅथलिक चर्चमध्ये. एका फाइलीत तीन चर्चचे तीन शिक्के. आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी हात वर केले. म्हणाले, "बँकेतली तू, कागद तू बघ."

मी बघितले. बँकेत 33 वर्षं मी मुख्यतः एकच काम केलं. समोर आलेल्या कागदावर सही कोणाची आहे, ती करायचा त्याला अधिकार आहे का, आणि तो अधिकार त्याला दिला कोणी. चेक असो, कंपनीचा ठराव असो, हाउसिंग सोसायटीचं खातं असो, प्रश्न हेच तीन. शिवाय एन्ट्री करणारा आणि ती पास करणारा एकच माणूस असता कामा नये. मेकर वेगळा, चेकर वेगळा. चर्चच्या ऑफिसांकडेही मी याच चष्म्यातून पाहिलं. माझ्याकडे दुसरा चष्मा नाही.

पहिली फेरी वसईची. 27 एप्रिल 2025, रविवार. आदल्या सोमवारी पोप फ्रान्सिस गेले होते. विहीणबाईंना वेगळीच काळजी लागलेली. "पोपच नाहीत तर आपली मिश्र लग्नाची परवानगी अडकणार नाही ना हो?" मलाही ते पटलं. चेअरमनची खुर्ची रिकामी असली की मोठी मंजुरी तुंबते, हे मी पाहिलेलं आहे. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, मराठीत होती. प्रार्थनेत पोपचं आणि बिशपांचं नाव घेतात तिथे फादरांनी फक्त बिशपांचंच नाव घेतलं आणि पुढे गेले. मी शेजारी बसलेल्या जावयाकडे पाहिलं. त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. नंतर ऑफिसात फादरांना विचारलं, तर ते खूश झाले. म्हणाले, "तुम्ही सीएनआयच्या असून ओळखलंत! खुर्ची रिकामी असली की पोपचं नाव घेत नाहीत. पण बिशपांचा अधिकार चालूच असतो. तुमची परवानगी रोमला जात नाही, ती इथे बिशपांच्याच हातात आहे." दुसऱ्या फेरीला गेलो तोवर मे महिना लागला होता आणि प्रार्थनेत लिओ हे नाव आलं होतं.

पॅरिशला वसईत धर्मग्राम म्हणतात. त्या धर्मग्रामाचं नाव इथे लिहीत नाही, पण ऑफिसला माझे पैकीच्या पैकी मार्क. दारावर वेळा लिहिलेल्या. टेबलावर छापील फॉर्म, फॉर्मच्या पाठीमागे कागदांची यादी. यादीत पहिलंच: बाप्तिस्म्याचा दाखला, सहा महिन्यांच्या आत काढलेला. मी म्हटलं, फादर, बाप्तिस्मा 1996चा, दाखला शिळा कसा होईल? त्यांनी शेल्फवरून एक जाड रजिस्टर काढून उघडलं. प्रत्येक नोंदीच्या कडेला मोकळी जागा, आणि तिथे बारीक अक्षरात पुढच्या नोंदी: दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा एक संस्कार) अमुक तारखेला, विवाह अमुक चर्चमध्ये, अमुकशी. माणूस कुठेही लग्न करो, तिथले फादर त्याच्या बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवतात आणि ती नोंद इथे कडेला चढते. म्हणून ताजा उतारा मागायचा. त्यात लग्नाची नोंद नसेल तर माणूस मोकळा. म्हणजे बाप्तिस्म्याचं रजिस्टर हे यांचं मास्टर लेजर. मी ते पान दोन मिनिटं नुसतं बघत बसले. कोअर बँकिंग यायच्या कितीतरी आधीपासून ही मंडळी हे हाताने करतायत. आपल्याकडच्या रजिस्टरांना ती कडेची जागाच नाही, म्हणून आपल्या मुलीकडून मोकळी असल्याचं वेगळं पत्र घेतात.

दोघांचा बाप्तिस्मा झालेला आहे पण एकजण कॅथलिक नाही, अशा लग्नाला बिशपांची लेखी परवानगी लागते. तो अर्ज धर्मग्रामाचे फादरच वर पाठवतात, आपण बिशप हाउसला जायची गरज नाही. अर्जासोबत कॅथलिक बाजूने, म्हणजे जावयाने, लिहून द्यायचं की मी माझा विश्वास जपेन आणि मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये व्हावा म्हणून माझ्या परीने सगळं करेन. मुलीने विचारलं, "मी कुठे सही करू?" फादर म्हणाले, "तुम्ही नाही. त्याने काय लिहून दिलंय, ते तुम्हाला फक्त सांगायचं असतं." त्या रात्री घरी ह्यांचा पारा चढला. "म्हणजे नातवंडांचा निर्णय झाला आणि आपल्याला फक्त कळवलं!" मला राग आला नाही असं नाही. पण एक सांगते, कागद आधी समोर ठेवला होता. अटी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात दडवलेल्या नव्हत्या. इन्शुरन्स विकणाऱ्यांनी हे शिकावं.

त्यानंतर लग्नपूर्व शिबिर (हे सक्तीचंच) आणि मग दोघांची वेगवेगळी चौकशी. मुलीला एकटीला आत बसवलं, बायबलवर हात ठेवून विचारलं, कोणाच्या दबावाखाली आहेस का, आधी कुठे लग्न झालंय का. ती बाहेर आली तेव्हा गंभीर होती. म्हणाली, "आई, मला हे इतकं सरळ तूसुद्धा विचारलं नव्हतंस." यावर काय बोलणार!

आता अधिकाराचं. जावयाचे मामा फादर आहेत, एका कॅथलिक धर्मसंघाचे, नाशिककडे असतात. लग्न त्यांनी लावावं अशी सगळ्यांची इच्छा. मला वाटलं, फादर म्हणजे फादर, त्यात काय. तर नाही. लग्न लावायचा अधिकार त्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंचा. बाहेरच्या फादरना तो त्यांनी किंवा बिशपांनी नाव घेऊन सोपवावा लागतो. सरसकट कुठल्याही लग्नासाठी सोपवायचा तर तो लेखीच हवा. तो सोपवलेला नसेल तर मामा कितीही मोठे धर्मगुरू असोत, ते लग्न चर्चच्या कायद्याने लग्नच धरत नाहीत. मी मनात टाळ्या वाजवल्या. हे तर आमचं डेलिगेशन! झोनल मॅनेजर आमच्या शाखेत आला म्हणून काही तो आमच्या कॅश व्हाउचरवर सही करत नाही.

आमच्या पाळकसाहेबांनाही बोलावलं होतं. फादर फार आदराने बोलले. पाळकसाहेब वचन वाचतील, प्रार्थना करतील, आशीर्वाद देतील. पण संमती विचारणारा एकच असेल, आणि दोघांनी दोनदा विचारायची नाही. आमचे पाळक समजूतदार, हसून हो म्हणाले. ह्यांच्या चुलतभावाने मात्र जेवणापर्यंत तोंड फुगवून घेतलं.

सेवा चांगली, मग उणं काय? चेकर. मी फादरना थेट विचारलं की तुमच्याकडे पॅरिश कौन्सिल आहे, हिशोबाची वेगळी समिती आहे, त्यांनी एखाद्या गोष्टीला नको म्हटलं तर? ते म्हणाले, "हिशोबाची समिती ठेवावीच लागते, तसा नियम आहे. पण दोघांचंही काम सल्ल्याचं. ऐकून घेतो मनापासून, ठरवतो मी." आणि तुमच्यावर? बिशप. बिशपांची नेमणूक पोप करतात. म्हणजे चेकिंग आहे, पण ते सगळं वरून. खाली बसलेल्या माणसाने वरच्याची एन्ट्री रिव्हर्स करायची सोय नाही. विहीणबाई त्या धर्मग्रामात साठ वर्षं आहेत. त्यांच्या चर्चच्या आवारातली जुनी चिंच एका फादरच्या काळात तोडली गेली. विचारलं कुणालाच नाही. तीन वर्षांनी त्या फादरची बदली झाली, चिंच काही परत आली नाही. ही गोष्ट त्यांनी मला दोन वेळा सांगितली, दोन्ही वेळा चहा गार होईपर्यंत. एक नियम मात्र मला फार आवडला. पंचाहत्तरी झाली की बिशपांनी स्वतः राजीनामा लिहून पोपकडे पाठवायचा असतो. तो स्वीकारायचा कधी ते पोप ठरवतात, पण कागद जातो. आमच्या सोसायटीच्या चेअरमनना हे वाचून दाखवायला हवं.

परवानगी पंधरा दिवसांच्या आत आली.

आता घरचं चर्च. इथे मला पत्र हवं होतं एक पानाचं, चार ओळींचं. लागले सात आठवडे.

झालं असं की जुन्या पाळकांची बदली झाली होती आणि नवे अजून रुजू व्हायचे होते. जुने म्हणाले, मी आता तिथला नाही, मी सही कशी करू? बरोबरच बोलले. सेक्रेटरी म्हणाले, पाळकांशिवाय मी एकटा सही करणार नाही, कमिटीत ठेवतो. हेही बरोबर. कमिटीची बैठक बोलावली तर कोरम भरेना. पुढची भरली, तर खजिनदारांनी काढलं की मुलगी नोकरीमुळे बंगळुरूला, तिची चार वर्षांची वर्गणी थकलीय, मग ती सभासद म्हणायची का? यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली, असं नंतर कळलं. मी 3,600 रुपये भरले, पावती घेतली. मग ठराव झाला, सूचक आणि अनुमोदक यांच्या नावासकट. पत्र मिळालं तेव्हा त्यावर नव्या पाळकांची सही, सेक्रेटरीची सही आणि ठरावाचा क्रमांक असं सगळं होतं. एक ग्राहक म्हणून मी वैतागले होते. बँकवाली म्हणून त्या पत्राला मी आधीच्या कुठल्याही कागदापेक्षा जास्त मान देईन. पाच-सहा माणसांनी भांडून पास केलेली एन्ट्री आहे ती.

हा घोळ आमच्या चर्चच्या रक्तातच आहे, आणि त्याला कारण आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय झालं. त्यात अँग्लिकन होते, त्यांना बिशप हवा. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल आधीच एका छताखाली आलेले. प्रेस्बिटेरियनांना वडीलमंडळ आणि सभा हवी, काँग्रिगेशनलांना मंडळीचं मत हवं. बॅप्टिस्ट आणि ब्रदरन होते, त्यांना लहान बाळाचा बाप्तिस्माच मान्य नाही. तोडगा असा निघाला की बिशप ठेवायचा पण तो निवडीतून यावा, त्याच्या जोडीला त्याच्या प्रांताची डायोसिसन कौन्सिल, वर सगळ्या चर्चची सभा म्हणजे सिनॉड, खाली स्थानिक मंडळीची पास्टरेट कमिटी. बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती चालतील. सहा घरची भांडी एका स्वयंपाकघरात आणली की पहिली काही वर्षं झाकण सापडत नाही. आम्हाला पंचावन्न वर्षं झाली.

माझे सासरे नगरचे, अस्सल काँग्रिगेशनल. अमेरिकन मराठी मिशन 1813 ला मुंबईत आलं, 1831 ला नगरला पोचलं, आणि त्यांची शिकवण अशी की स्थानिक मंडळी हीच चर्च. पाळक मंडळीने बोलवायचा, मंडळीनेच हात वर करून ठरवायचं. सासरे शेवटपर्यंत "बिशप" हा शब्द "मामलेदार" म्हटल्यासारखा उच्चारायचे. पण ते हेही सांगायचे की हात वर करायचा हक्क होता तरी मिशनचे पैसे आणि मिशनरीचा शब्द याला वजन वेगळंच. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि "देवाचा दरबार" काढला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांसाठी. सासऱ्यांच्या मते टिळकांनी मिशनकडे राजीनामा दिला, ख्रिस्ताकडे नाही. हे वाक्य त्यांचं स्वतःचं की कुणाकडून ऐकलेलं, विचारायचं राहून गेलं.

तिसरा कागद मेथडिस्ट. त्यासाठी मी एकटीच एसटीने गेले. गावाचं नाव लिहीत नाही, सध्याच्या पाळकांना उगाच फोन जायला नकोत.

मेथडिस्टांचं वेगळं सांगायला हवं, कारण लोक आम्हाला सीएनआयमध्येच धरतात. सहा चर्चच्या त्या यादीत मेथडिस्ट हे नाव आहे, पण ते ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे. आमचे अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट 1970 मध्ये ऐन वेळी मागे हटले. त्यांचं 1981 मध्ये मेथडिस्ट चर्च इन इंडिया झालं. यांचा बिशप जनरल कॉन्फरन्समध्ये मतदानाने निवडला जातो. पण एकदा निवडला की पाळकांच्या बदल्या त्याच्या हातात. दर वर्षी अॅन्युअल कॉन्फरन्स भरते आणि शेवटी नेमणुकांची यादी वाचतात. यादी वाचेपर्यंत पाळकाला नक्की माहीत नसतं की उद्या आपलं घर कुठे आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या लहानपणी बाबा कॉन्फरन्सहून यायचे तेव्हा आई दारातच उभी असायची. पाणी द्यायच्या आधी एकच शब्द: "कुठं?" बाबांनी "इथंच" म्हटलं की ती वळून चूल पेटवायची. दुसरं काही म्हटलं की ती माळ्यावरची हिरवी ट्रंक खाली काढायला सांगायची. त्या ट्रंकेच्या झाकणाला आतून बाबांनी खडूने गावांची नावं लिहिली होती, एकाखाली एक. मी दहावीपर्यंत पाच शाळा बदलल्या. बाबांनी एकदाही बिशपांकडे रदबदली केली नाही. आईने केली असती, पण तिला कॉन्फरन्समध्ये मत नव्हतं. तेव्हापासून मला बदलीचा अधिकार एका माणसाच्या हाती असण्याबद्दल मत आहे, आणि ते चांगलं नाही. बँकेत माझीही बदली झालीच की, पण तिथे युनियन होती.

आता तिथे तरुण पाळक आहेत, बायको शाळेत शिकवते. चहा केला, रजिस्टर काढलं. आणि मग थांबले. म्हणाले, बाहेरच्या चर्चला द्यायचा उतारा आहे, मी एकदा डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंटना विचारतो. मेथडिस्टांमध्ये बिशप आणि पाळक यांच्या मध्ये हा माणूस असतो, एका जिल्ह्याचे सगळे पाळक त्याच्या नजरेखाली. फोन लावला, दोन मिनिटं बोलणं, होकार. येण्यापासून निघेपर्यंत पाऊण तास. तिन्ही ठिकाणांत सगळ्यात जलद.

रजिस्टरच्या पानावर निळ्या शाईत मुलीचं नाव, आमची नावं, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात बाबांची सही. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांची सही नेहमी शेवटी खाली घसरायची, इथेही घसरलीय. तेहतीस वर्षांत मी हजारो सह्या नमुन्याशी ताडून पाहिल्या असतील. ही ताडायला माझ्याकडे नमुना नव्हता आणि लागलाही नाही. पाळकांनी विचारलं, "काकू, फोटो काढायचाय का?" मी काढला. तो हलला, अंगठ्याची सावली आली. तसाच ठेवलाय.

स्वतंत्र चर्चबद्दल लिहिलं नाही तर हे परीक्षण अर्धवट राहील. माझ्या भाच्याचं लग्न काही वर्षांपूर्वी पिंपरीकडच्या अशाच एका मंडळीत झालं. भाड्याचा हॉल, उत्तम साउंड सिस्टिम, पास्टर स्वतः संस्थापक, त्यांची पत्नी खजिनदार, मेहुणा सेक्रेटरी. कागदपत्रं? आधारकार्डाची झेरॉक्स. तारीख त्याच आठवड्यात मिळाली. दाखला इतका देखणा की सोनेरी किनार, वर कबुतर. पुढे परदेशच्या व्हिसाला तो दाखला लावला आणि तिथे अडकला. ख्रिस्ती विवाहाचा कायदा 1872 चा आहे आणि त्यात लग्न कोण लावू शकतं हे ठरवून दिलंय. बिशपाच्या हातून दीक्षा मिळालेला धर्मगुरू आपल्या चर्चच्या नियमांप्रमाणे लावू शकतो. चर्च ऑफ स्कॉटलंडचा पाळक लावू शकतो. बाकीच्या पाळकांना सरकारचं लायसन्स लागतं, नाहीतर मॅरेज रजिस्ट्रार. या पास्टरांकडे लायसन्स नव्हतं. त्यांना विचारलं तर म्हणाले, माझा अधिकार वरून आहे. असेल, पण काउंटरवरच्या बाईला तो दिसेना. शेवटी दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली अर्ज केला, 30 दिवसांची नोटीस लागली, आणि लग्नाच्या तिसऱ्या वर्षी सरकारदरबारी नवराबायको झाले.

तरीही या पास्टरांना मी शून्य मार्क देणार नाही. आमच्या ह्यांची अँजिओग्राफी झाली त्या रात्री अकरा वाजता हाच माणूस स्कूटरवरून हॉस्पिटलला आला आणि पहाटेपर्यंत बाकावर बसून राहिला. आमच्या चर्चचे पाळक चौथ्या दिवशी आले, दोन गावं सांभाळतात बिचारे. म्हणून म्हणते, प्रार्थनेला जरूर जा. लग्न लावायचं असेल तर आधी लायसन्स बघा. आणि दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देत असाल तर चर्चचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे का, विश्वस्त बदलले की तसं कळवणारा चेंज रिपोर्ट तिथे जातो का, हे विचारा. नवराबायको आणि मेहुणा एवढेच विश्वस्त असतील तर तिथे मेकर आणि चेकर एकाच ताटात जेवतात.

नगरच्या नात्यातली एक शाखा मुक्तिफौजेत, म्हणजे साल्व्हेशन आर्मी या चर्चमध्ये आहे. तिथे पाण्याचा बाप्तिस्माच नाही, झेंड्याखाली शपथ घेऊन सैनिक होतात. म्हणजे आमच्या मुलीच्या जागी त्यांची मुलगी असती तर कॅथलिकांच्या लेखी ती बाप्तिस्मा न झालेली, आणि बिशपांकडून साध्या परवानगीऐवजी सूट मागावी लागली असती, ती वेगळी प्रक्रिया. कॅप्टन, मेजर असे हुद्दे, वरून हुकूम आला की बदली, हे सगळं लष्करासारखं. पण बायकांना मात्र पहिल्यापासून बरोबरीचा हुद्दा. त्यांच्या जगभरच्या प्रमुखाला जनरल म्हणतात आणि 1934 मध्येच एक बाई, इव्हँजेलिन बूथ, मतदानाने जनरल झाली होती. कॅथलिकांमध्ये बाईला धर्मगुरूची दीक्षा नाही, हे फादरनी आढेवेढे न घेता सांगितलं. आमच्याकडे बायका पाळक होतात, पण कमिटीच्या बैठकीत चहा कोणी आणायचा हे अजून न बोलता ठरतं.

बँकेतली माझी एक मैत्रीण कोट्टायमची, ऑर्थोडॉक्स. ती म्हणाली, "तुमचं काय घेऊन बसलीस, आमच्याकडे बिशप निवडायला पॅरिशमधून पाद्री आणि साधी माणसं निवडून जातात, 1934 ची लिखित घटना आहे, तरी चर्चची किल्ली कोणाकडे यावर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलो. 2017 ला निकाल लागला, तरी कुलूप कुणी उघडायचं यावर भांडण चालूच." त्यांचे पाद्री लग्न करू शकतात, बिशप मात्र अविवाहितच. तिला मी म्हटलं, लिखित घटना असूनही हे? ती म्हणाली, "लिखित आहे म्हणून तर कोर्टात गेलो. नाहीतर काठ्या घेऊन गेलो असतो." थोड्या वेळाने तिनेच जोडलं की तेही झालंय.

खर्चाचं विचारणाऱ्यांसाठी: तिन्ही ठिकाणी ठरलेली फी कुणी मागितली नाही, आम्ही देणगी दिली, तिन्ही ठिकाणी पावती मिळाली. वेळेचं विचारणाऱ्यांसाठी: सीएनआयचं पत्र हवं असेल तर पाळकांच्या बदलीचा महिना आधी विचारून घ्या आणि मुलाबाळांची वर्गणी भरत राहा. वसईला ऑफिसच्या वेळातच जा, दुपारी फादर झोपतात आणि त्यांचा तो हक्क आहे. मेथडिस्ट रजिस्टरला हात लावण्याआधी हात धुवा, पानं सुटतायत.

लग्न दुपारी चारला होतं. त्या 1872 च्या कायद्यात सकाळी 6 ते संध्याकाळी 7 ही वेळ घातलेली आहे. बिशपांच्या खास परवानगीने ती सैल होते म्हणे, पण आमच्याकडे प्रश्न आला नाही. मामा फादरनी संमती विचारली, आमच्या पाळकसाहेबांनी बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातला प्रीतीवरचा तेरावा अध्याय वाचला, जरा जास्तच सावकाश. मग वेदीच्या बाजूला टेबलावर रजिस्टर मांडलं. साक्षीदार म्हणून माझी सही हवी, हा मुलीचा हट्ट होता. साक्षीदार कॅथलिकच हवा असं नाही, ते मी आधीच विचारून घेतलं होतं.

पाहुणे फोटोसाठी खोळंबलेले, फोटोग्राफर "आई, इकडे बघा" ओरडतोय, आणि मी वाचत होते. वराचं नाव, वधूचं नाव, बाप्तिस्म्याची चर्चं. लग्न लावणारे फादर, खाली मामांची सही. त्याखाली बारीक अक्षरात, प्रमुख धर्मगुरूंनी सोपवलेल्या अधिकाराने, आणि तारीख. मामांनी हळूच विचारलं, "सगळं ठीक आहे ना, मॅडम?"

"ठीक आहे," म्हटलं, आणि पूर्ण सही केली.